सुका दुधी कुठे मिळतो?

मागच्या महिन्यात मीरा रोडच्या बाजारात कोथिंबीर निवडत होते. शेजारी उभा असलेला एक पस्तिशीतला गृहस्थ माझ्याकडे सारखा बघत होता. माझ्याकडे कुणी सारखं बघावं असं आता काही राहिलेलं नाही, म्हणून मी आधी चष्मा पुसला, मग पदर नीट केला. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्या 'उद्या पाणी येणार नाही'वाल्या ना?"

"हो," मी म्हटलं.

"लहानपणी तुम्ही टीव्हीवर दिसलात की माझी आई उठून बादल्या भरायला पळायची. तुम्ही पुढे काय बोलायच्या ते आम्ही कधी ऐकलंच नाही."

माझ्या कारकिर्दीचा याहून नेमका सारांश कुणी केला नसेल. केबलवरच्या एका स्थानिक चॅनलवर मी सात वर्षं काम केलं. बातम्या वाचल्या, वाढदिवसांच्या शुभेच्छा दिल्या, निधनाच्या वार्ता सांगितल्या, हळदीकुंकवाच्या आणि किल्ल्यांच्या स्पर्धांचे निकाल वाचले आणि पाककृतींचा कार्यक्रम चालवला. चॅनलचं नाव 'खाडीवारा'. दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ती वर्षं. घराघरांत केबल होती, गच्चीवरच्या डिश अँटेनाच्या छत्र्या अजून यायच्या होत्या. मी गिरगावातून लग्न करून मीरा रोडला आलेली, मराठी शाळेत निवेदन वगैरे केलेली बाई. एवढ्या भांडवलावर मला घेतलं, यावरून चॅनलच्या दर्जाची कल्पना यावी.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. केबलवाल्याकडे एक कंट्रोल रूम असायची. तिथून काळी जाड वायर निघायची आणि गच्चीवरून गच्चीवर, झाडावरून खांबावर अशी सगळ्या गावभर फिरायची. त्या वायरीतून देशभरातली चॅनलं तर जायचीच, पण त्यातला एक नंबर केबलवाला स्वतःसाठी ठेवायचा. तिथे एक कॅमेरा, एक टेबल, मागे एक निळा पडदा आणि पुढे माझ्यासारखी एक बाई बसवली की झालं चॅनल. परबसाहेब हे आमचे मालक. मूळचे रत्नागिरीकडचे, सफारी घालणारे, कायम घामेजलेले. वायरी ओढणं, कॅमेरा धरणं, आवाज बघणं आणि माझ्यासाठी चहा आणणं ही चारही खाती चंदू सावंत नावाचे पन्नाशीतले गृहस्थ सांभाळायचे. त्यांना सगळे चंदूशेठ म्हणायचे. का, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आमचा स्टुडिओ भाईंदर पश्चिमेला एका मसाल्याच्या दुकानावर होता. दुकान आणि वरच्या दोन खोल्या जयंतीभाईंच्या. खोल्या आम्हाला वापरायला देण्याच्या बदल्यात त्यांच्या मसाल्याची जाहिरात आम्ही दिवसभर दाखवायची, असा व्यवहार होता. एकच अडचण होती. खाली मिरची कुटायला घेतली की तिचा खकाणा जिन्यातून वर यायचा. अशा दिवशी मी डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळत बातम्या वाचायची. नवघर रोडच्या कुणा आजोबांच्या निधनाची बातमी वाचताना एकदा मला हुंदकाच आला. संध्याकाळी त्यांचा मुलगा पेढ्यांचा पुडा घेऊन भेटायला आला. म्हणाला, "ताई, आमच्या घरात एवढं कोणी रडलं नाही."

शिवाय पडद्याच्या खालून जाणारी जाहिरातींची पट्टी असायची. एकदा संगणकाने दोन मजकूर जोडले आणि अर्धा दिवस गावभर 'आमच्या तीर्थरूपांचे दुःखद निधन झाले असून सोबत पाव किलो फरसाण मोफत' असं फिरत राहिलं. त्या फरसाणवाल्याकडे खरोखरच गिऱ्हाइकं वाढली. वीज गेल्याची सूचनाही मी द्यायची. ज्या भागातली वीज गेली असेल त्या भागातल्या लोकांसाठी. ते मला कसं बघणार, हा प्रश्न सात वर्षांत आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट फिलूबायची.

आमचा सगळ्यात चालणारा कार्यक्रम म्हणजे दुपारी चारचा 'आपली फोडणी'. रोज एक गृहिणी स्टुडिओत यायची, गॅसवर एक पदार्थ करायची आणि प्रेक्षक फोन करून शंका विचारायचे. सगळं थेट. थेट म्हणजे फार मोठं काही नव्हे, आमच्याकडे कापाकापी करायला यंत्रच नव्हतं. जळलं तर जळलेलं दिसायचं. कार्यक्रमाची खोली जयंतीभाईंची, गॅस जयंतीभाईंचा, मसाला तर त्यांचाच. पहिल्याच दिवशी ते मला हात जोडून म्हणाले होते, "बेन, एक बात ध्यान में रखना. इस रूम में मच्छी, मटन, अंडा कुछ नहीं. बाकी आप राजा." माणूस भला होता. त्यांच्या घरात कांदासुद्धा वर्षातले काही महिने बंद असायचा. आम्ही ते कायम पाळलं.

एके दिवशी सकाळी मी बातम्यांचे कागद लावत होते. जिन्यात बांगड्यांचा आवाज झाला आणि तीन कोळणी वर आल्या. पुढे होती ती उंच, दणकट, लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेली, कानात जड सोनं. हीच फिलूबाय, म्हणजे फिलोमिना. उत्तनच्या बाजूला समुद्राकाठी त्यांचा कोळीवाडा. मासे विकून त्या तशाच आल्या होत्या आणि टोपल्या जिन्यात ठेवल्या होत्या.

"मालक कोन हाय?" फिलूबायने विचारलं.

परबसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी परबसाहेबांकडे पाहिलं.

"मीच," परबसाहेब म्हणाले. "बोला बाय."

"तुमची वायर आमचे कौलावरशी जाते का न्हाय?"

"जाते."

"आमचे माडाला खिळा ठोकून बांदलेली हाय का न्हाय?"

"बांधलीय."

"मंग आमची एक बी बाय तुमचे टीवीवर का न्हाय? रोज त्याच बिल्डिंगच्या बाया. रोज पनीर. आमचे गावात कोनाला रांदता येत न्हाय का?"

दुसरी बाई मागून म्हणाली, "तो दुसरा केबलवाला गावात चा पिऊन गेला. तो बोलतो, मी नवी वायर टाकतो."

इथे परबसाहेबांना दरदरून घाम फुटला. त्या कोळीवाड्यावरून आमची मुख्य वायर पुढच्या सगळ्या गावांना जायची. कोळीवाड्याने माडावरचा खिळा उपटला असता तर त्या पट्ट्यातला आमचा धंदा एका दुपारीत दुसऱ्याच्या घशात गेला असता. परबसाहेब ताबडतोब म्हणाले, "या की! परवाच या. काय कराल?"

"बोंबील," फिलूबाय म्हणाली.

तेवढ्यात जयंतीभाई नाकाला रुमाल लावून वर आले आणि काळजीने म्हणाले, "परबभाई, गैस लीक है क्या?"

जिन्यातल्या टोपल्या. चंदूशेठ धावत खाली गेले.

जयंतीभाई गेल्यावर मी फिलूबायला सगळी परिस्थिती समजावून सांगितली. तिने लुगड्याचा पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "म्हंजे माझे हातनं मासली न्हाय."

"तुमचंच कालवण करा, तुमच्याच पद्धतीने. फक्त बोंबलाच्या जागी दुधी घाला."

"दुदी?" असं म्हणताना तिचा जो चेहरा झाला तो मला आजही दुधी घेताना आठवतो. पण ती 'हो' म्हणाली. टीव्हीवर यायचंच हे तिने मनाशी पक्कं केलेलं दिसत होतं. का ते मला तेव्हा कळलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी ती वेळेच्या आधी आली. दुधी तिने घरूनच चिरून आणला होता. लांब, निमुळता, मध्ये चीर दिलेला, अगदी बोंबलासारखा. एका तुकड्याला तर तिने टोकाशी शेपटी काढली होती. चार वाजले, चंदूशेठने बोट वर केलं आणि मी नेहमीचं "नमस्कार" म्हटलं.

फिलूबाय कॅमेऱ्याला अजिबात घाबरली नाही. तिने घरच्या चुलीपुढे बसल्यासारखा ओट्याचा ताबा घेतला. लसूण ठेचली, तेल तापवलं. मी पुढच्या टेबलावर ठेवलेला जयंतीभाईंच्या मसाल्याचा डबा नेहमीप्रमाणे लेबल दिसेल असा तिच्या हातात दिला. तिने झाकण उघडलं, वास घेतला, पुन्हा एकदा घेतला आणि कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, "हा मसाला हाय का रांगोली हाय?"

मी हसले. दुसरं काय करणार? ती म्हणाली, "असूं दे, मी माझा आनला हाय," आणि कमरेला खोचलेल्या पिशवीतून तिने बिअरची बाटली काढून टेबलावर ठेवली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडच्या ख्रिस्ती कोळ्यांच्या आणि ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या इतर स्थानिक ख्रिस्ती लोकांच्या घरी वर्षाचा मसाला बाटलीत दाबून भरून ठेवतात. हवा लागत नाही, रंग टिकतो. त्याला बाटलीचा मसालाच म्हणतात. हे मला माहीत होतं. पण भाईंदरमधल्या हजारो जैन-गुजराती घरांत त्या क्षणी दिसलं ते एवढंच की पाककृतीच्या कार्यक्रमात एका बाईने बिअरची बाटली काढून कढईत उपडी केली.

फोन खणखणायला लागला. पहिला फोन मीरा रोडच्या एका बाईंचा. "ताई, खूपच छान. आम्ही यात ते... म्हणजे... दुसरं काही घातलं तर चालेल का?"

"दुसरं म्हणजे?"

"म्हणजे, ओला... तुम्हाला कळलंच असेल."

मला कळलं होतं आणि खाली जयंतीभाईंच्या दुकानात टीव्ही चालू आहे हेही आठवत होतं. मी पटकन म्हटलं, "ओला दुधी चालेल."

फिलूबाय माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसली. तिला एका क्षणात सगळं समजलं. "चालल तं," ती म्हणाली. "पन ओला दुदी ताजा पायजेल. डोला बगून घ्यावा."

पुढचा फोन. "सुका दुधी घेतला तर किती वेळ भिजवायचा?"

"सुका दुदी भिजवाचा न्हाय. तो शेकाचा. डोका तोडून टाकाचा, आन मंग शेकाचा."

त्यानंतर फोन थांबेनात. दुधी साफ करताना काटा काढायचा का? दुधीला वास येऊ नये म्हणून काय करावं? पावसाळ्यात दुधी मिळत नाही तेव्हा कोळंबी... म्हणजे भोपळा चालेल का? अख्खा मीरा-भाईंदर त्या दुपारी गंभीरपणे दुधीबद्दल बोलत होता. चंदूशेठचा कॅमेरा हसण्याने थरथरत होता, त्यामुळे चित्रात भूकंप झाल्यासारखं दिसत होतं. आणि मग तो फोन आला.

"बेन, मैं जयंतीभाई बोलता हूँ, नीचे से."

मी मसाल्याच्या डब्याचं लेबल पटकन कॅमेऱ्याकडे वळवलं. "बोला, जयंतीभाई."

"वो बोतल की बात मैं बाद में करूंगा. अभी हमारी बा पूछ रही है, ये सूखा दूधी कौनसे दुकान में मिलता है?"

मी फिलूबायकडे पाहिलं. फिलूबायने माझ्याकडे पाहिलं. ती शांतपणे फोनच्या दिशेने वाकली आणि म्हणाली, "शेठ, अबी सीझन नहीं है."

कार्यक्रम संपल्यावर जयंतीभाई वर आले. बाटलीवरून ते खरोखरच दुखावले होते. "रांगोली बोला, ठीक है, मज़ाक है. लेकिन दारू की बोतल? मेरे मसाले के सामने?" मी, परबसाहेब, चंदूशेठ, तिघांनी मिळून बाटलीच्या मसाल्याची परंपरा त्यांना समजावली. शेवटी त्यांना पटलं ते बामुळे, म्हणजे त्यांच्या आईमुळे. बाने घरी तोच दुधी करायला घेतला होता आणि कार्यक्रम पुन्हा बघायचा हट्ट धरला होता. जयंतीभाई म्हणाले, "रिपीट दिखाओ. लेकिन बोतल नहीं दिखनी चाहिए." कापाकापीचं यंत्र नव्हतं हे वर आलंच आहे. चंदूशेठने त्यावर तोडगा काढला. जाहिरातींची पट्टी एवढी जाड केली की बाटली तिच्या मागे झाकली जाईल. मग फिलूबायचा गळ्यापासून वरचा भाग आणि कढईच्या कडा तेवढ्या दिसणार होत्या. पण जयंतीभाईंचं समाधान झालं.

आम्हाला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जिन्यात बांगड्या वाजल्या. या वेळी सात जणी होत्या.

"आमी काय बगितला?" फिलूबाय कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मुंग्या! आख्खे गावान मुंग्या! सगले टीवी लावून बसले, आन चार वाजले तवा मुंग्या!"

मुंग्या म्हणजे चित्र गेल्यावर पडद्यावर वळवळणारे काळे-पांढरे ठिपके. झालं होतं असं. आदल्या सकाळी चंदूशेठ गावात गेले होते. फिलूबायचा कार्यक्रम गावाला स्वच्छ दिसावा म्हणून त्यांनी खास नवीन अँप्लिफायर बसवला. वायर लांब गेली की चित्र फिकं पडतं, ते उजळायचं हे डबडं. त्याला वीज लागते. चंदूशेठने ती खांबाजवळच्या घरातून घेतली. त्या घरच्या बाईला चार वाजता फिलूबायला बघायला शेजारी जायचं होतं. बाई व्यवस्थित. घर बंद करताना तिने मेन स्विच खाली केला. साऱ्या गावाचं चित्र तिच्या एका बोटावर गेलं, आणि ती शेजारी बसून इतरांबरोबर केबलवाल्याला शिव्या देत होती.

"परत दाखवतो," परबसाहेब म्हणाले. "रिपीट आहे ना."

"आमाला दुदीचा रिपीट नको," मागची एक म्हणाली. "आमचे गावाला दाखवाचा तं बोंबीलच."

 पण जाताना फिलूबाय जिन्यात थांबली आणि मला एकटीला म्हणाली, "बाय, मना पुन्ना दाखव. एक डाव. दुदी तं दुदी." आदल्या दिवशी बिअरची बाटली काढताना जराही न कचरलेली ती बाई आता माझ्या हाताला धरून विनवत होती. 

मार्ग चंदूशेठने काढला. त्यांना आयुष्यात त्या एकाच दिवशी प्रतिभेचा स्पर्श झाला असं माझं मत आहे. ते म्हणाले, "मॅडम, आपली मेन वायर पुढे जातेय, बरोबर? तिच्यातनं गावासाठी एक फांदी निघतेय. ती फांदी आपण अर्धा तास मेन वायरीपासून सोडवायची आणि कॅमेराच तिथे लावायचा. फिलूबायच्या अंगणात. बोंबील फक्त त्या गावाला दिसेल."

"आणि बाकी भाईंदरला?"

"बाकीच्यांना इथून दुधीचा रिपीट चालू. एकच टाइम, एकच नंबर. शेठला काय कळतंय?"

परबसाहेबांनी भिंतीवरच्या गणपतीला नमस्कार केला आणि परवानगी दिली.

ठरल्या दिवशी चंदूशेठ आणि मी कॅमेरा, माईक, वायरींचं वेटोळं आणि एक जड डबडं रिक्षात घालून उत्तनच्या दिशेने निघालो. हे डबडं कॅमेऱ्यातलं चित्र केबलच्या वायरीत भरायचं. ते मांडीवर घेऊन बसण्याचा मान माझा होता. गावात शिरलो तेव्हा वाटेत दोऱ्यांवर बोंबील वाळत टाकलेले, हजारो. चंदूशेठ म्हणाले, "बघा मॅडम, सुका दुधी."

फिलूबायचं घर अगदी किनाऱ्याजवळ. अंगण सारवलेलं, मधोमध चूल मांडलेली, बाजूला ताज्या ओल्या बोंबलांची परात. अंगणाला लागून एक खोली. तिची खिडकी अंगणात उघडायची. मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा त्या खोलीत खाटेवर एक म्हातारी पडलेली दिसली. पायथ्याशी टीव्ही. त्यावर आमचं चॅनल.

मला बघून म्हातारी कोपरावर उठली. "आगो! टीवीची बाय!"

ही फिलूबायची सासू. पडून खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून ती खाटेवरच होती. दिवसभर आमचं चॅनल बघायची. माझ्या साड्या तिला पाठ होत्या. "ती जांबली नको नेसूं," तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं, "तिच्यान तू आजारी दिसते."

मी म्हटलं, "आजी, आज तुमची सून टीव्हीवर येणार."

"तिला काय येतंय?" म्हातारी म्हणाली. "मी तुज्या टीवीवर बगते ना. बिल्डिंगच्या बाया किती छान रांदतात. तेल काय, कोतमीर काय, वरशी काजू काय. मी हिला रोज सांगते, बग, शिक जरा. हिला कालवन येत न्हाय. माज्या हातची चव हिला कदी आलीच न्हाय."

दारात फिलूबाय उभी होती. तिने ते ऐकलं आणि ती चुलीकडे गेली. जिन्यात तिने माझा हात का धरला होता ते मला तिथे कळलं. सासूचा सगळा विश्वास त्या पेटीवर होता, आणि पेटीत जाण्याचा रस्ता माझ्याकडून होता. मला माझ्या रोजच्या पनीरची पहिल्यांदाच लाज वाटली.

चार वाजता चंदूशेठने खांबावर चढून गावची फांदी मेन वायरीतून उपटली आणि आमच्या डबड्यात खुपसली. सबंध गावाची बाकी सगळी चॅनलं बंद. सगळ्या नंबरांवर मुंग्या, एका नंबरावर फिलूबाय. त्या अर्ध्या तासात त्या गावावर आमचं एकछत्री राज्य होतं. तिकडे भाईंदरमध्ये जयंतीभाईंची बा जाड पट्टीच्या वरून दिसणारा दुधी बघत होती. मी माईक हातात घेतला, "नमस्कार" म्हटलं आणि समोर पाहिलं.

समोर अख्खं गाव उभं होतं. पुरुष, बाया, पोरं, कुत्रे. अंगणाच्या कडेने, होडीवर चढून, माडाला टेकून. ज्या गावाला दाखवण्यासाठी आम्ही एवढा उपद्व्याप केला ते गाव टीव्ही घरी चालू ठेवून प्रत्यक्ष बघायला आलं होतं. घराघरांतून माझाच आवाज येत होता आणि ऐकायला कुणीच नव्हतं.

"घरी जा, टीव्हीवर बघा!" चंदूशेठ खांबावरून ओरडले.

"हितं जवल दिसतंय," गाव म्हणालं.

चंदूशेठ खाली उतरून कॅमेऱ्यामागे गेले आणि फिलूबायने काम सुरू केलं. लसूण, मिरची, बाटलीचा मसाला. आणि अचानक एक खणखणीत आवाज आला. "आगो, चिंच आदी टाकूं नको!"

तो आवाज खिडकीतून आला. माईकने तो उचलला आणि पुढच्याच क्षणी गावातल्या सगळ्या रिकाम्या घरांतून, सगळ्या टीव्हींतून, एकदमच घुमला. चिंच आदी टाकूं नको! गाव दचकलं. म्हातारीही दचकली असावी. मग तिच्या लक्षात आलं की टीव्हीतून बोलणारी आपणच आहोत, आणि मग तिला कुणी थांबवू शकलं नाही.

"जाल कमी कर! आगो, जाल!"

"कमीच हाय आये!" फिलूबाय कॅमेऱ्यात बघून म्हणाली.

"मना दिसतंय ना! टीवीन मोटा दिसतंय!"

"तुमचा टीवी मोटा हाय!"

गाव पोट धरून हसत होतं. मी काय करावं ते सुचेना, म्हणून माईकची वायर ओढत आत म्हातारीच्या खोलीत गेले आणि तिच्या खाटेवर बसले. टीव्हीवर बघणारा आमचा गावातला एकमेव प्रेक्षक तिथे होता. बाहेर चंदूशेठ चूल दाखवत होते, आत म्हातारी टीव्हीकडे बघत माईकमध्ये सूचना देत होती, आणि फिलूबाय शेजारच्या घरातल्या टीव्हीतून सासूचा आवाज ऐकून तिथल्या तिथे उत्तरं देत होती. बोंबील कढईत गेले. म्हातारीची बोलणी हळूहळू कमी झाली. शेवटी ती नुसतीच बघत होती. कालवणाला उकळी आली, लालभडक, आणि ती पुटपुटली, "रंग तं आलाय." माईक मी तोंडाशी धरलेला होता. गावभर ऐकू गेलं.

कार्यक्रम संपला. गाव कढईवर तुटून पडलं, ताटल्या घरून आणल्याच होत्या. चंदूशेठलाही एक ताटली मिळाली आणि ते कॅमेरा स्टँडवर तसाच चालू ठेवून माडाखाली जाऊन बसले. या सगळ्याचं चित्रण आमच्याकडे नाही. एकुलता व्हिडिओ रेकॉर्डर भाईंदरला दुधी दाखवण्यात गुंतला होता. पुढे दोन-तीन वर्षांनी छत्र्या आल्या, परबसाहेबांनी वायरी एका मोठ्या कंपनीला विकल्या आणि आमच्या नंबरावर कुठलंसं दागिने विकणारं चॅनल आलं. मला त्याचं वाईट वाटतं, पण सगळ्यात जास्त वाईट त्या नसलेल्या टेपचं वाटतं.

फिलूबाय सासूचं ताट घेऊन आत आली. कालवण, भात आणि बोंबलाचे दोन तुकडे. तिने ताट म्हातारीच्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. म्हातारी सावकाश जेवली. एक घास, दुसरा घास. फिलूबाय बघत होती, मीही. म्हातारीने बोटं चाटली. पाणी प्यायली.  फिलूबाय रिकामं ताट उचलायला वाकली.

"मांजर!" म्हातारी ओरडली.

टीव्हीवर अंगण दिसत होतं. कॅमेऱ्यापुढे आता कुणी नव्हतं. चुलीजवळ कढई, आणि कढईच्या कडेवर दोन पाय ठेवून एक करडी मांजर आतले बोंबील ओढून काढत होती. डोळे मिटून, मान वाकडी करून.

म्हातारी तिच्याकडे एकटक बघत राहिली. मग सुनेकडे न बघता मला म्हणाली, "ही मांजर लय नखऱ्याची हाय. माज्या हातचा बी खायाची न्हाय."

फिलूबाय ताट घेऊन बाहेर गेली. थोड्या वेळाने टीव्हीत तिचं लुगडं आलं. मला वाटलं ती आता मांजरीला हाकलणार. ती खाली बसली, कढई मांजरीच्या बाजूला जरा तिरकी केली, आणि तळाशी राहिलेला मोठा तुकडा बोटाने पुढे सारला. आम्ही दोघींनी खाटेवर बसून ते शेवटपर्यंत पाहिलं.